सही झाल्यानंतरचा करार : जिल्हा रुग्णालयात कंत्राटांची देखरेख कशी बसवावी

सरकारी आरोग्य यंत्रणेत निविदेवर डोळे अनेकांचे असतात. तांत्रिक छाननी, दरांचा तक्ता, खरेदी समितीचे इतिवृत्त या प्रत्येक कागदावर चार-पाच सह्या होतात. करारावर सही झाली की मात्र नस्ती कपाटात जाते, ती बाहेर येते एकदम लेखापरीक्षणात. मधल्या तीन वर्षांत वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरला ठाऊक नसते की सफाईचे किती कामगार दररोज यायला हवेत. लेखाशाखेला ठाऊक नसते की सीटी स्कॅन गेल्या महिन्यात किती तास बंद होते. तरीही प्रत्येक देयकावर ‘काम समाधानकारक’ हा शेरा येतो आणि पैसे सुटतात.

हा लेख महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयाचा नमुना समोर ठेवून लिहिला आहे. उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग किंवा महापालिकेचे रुग्णालय यांनाही पद्धत तीच लागू पडते, फक्त पदनामे बदलतील. यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. एक एक्सेल फाइल, काही नोंदवह्या आणि महिन्यातून दीड तास एवढ्यात काम भागते.

पहिले पाऊल : आपले करार किती, ते मोजा

सुरुवात यादीपासून करा आणि तिला दोन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. भांडार, लेखा, आस्थापना, प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, स्वयंपाकघर अशा प्रत्येक टेबलावर जाऊन विचारा, ‘तुमच्याकडे बाहेरची कोणती संस्था काम करते?’ फक्त करारांच्या नस्त्या मोजल्या तर यादी अपुरी राहते. त्यामुळे मागच्या बारा महिन्यांची देयके काढा आणि ज्यांना दोनदा किंवा जास्त वेळा पैसे गेले त्यांची नावे यादीशी ताडून पाहा. करार संपून वर्ष उलटले तरी ‘पुढील आदेशापर्यंत’ चालू असलेली कामे इथेच सापडतात.

प्रत्येक ओळीत एवढे रकाने ठेवा : कामाचे नाव, पुरवठादार, कार्यादेश क्रमांक व दिनांक, सुरुवात, शेवट, वार्षिक रक्कम, निधी कोणत्या लेखाशीर्षातून, सुरक्षा अनामत किती व कोणत्या स्वरूपात, बँक हमीची मुदत, देखरेख अधिकारी, मूळ करार कोणत्या कपाटात. बँक हमीच्या तारखेला स्वतंत्र रकाना द्या. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार सुरक्षा अनामत, ती बँक हमीच्या स्वरूपात असली तरी, कराराची सर्व बंधने, वॉरंटीसह, पूर्ण झाल्यानंतर ६० दिवस वैध असावी लागते. प्रत्यक्षात कराराला मुदतवाढ दिली जाते आणि हमीला द्यायची राहते. मग वाद झाला की हातात नुसता कागद उरतो. मुदतवाढीचे पत्र काढताना ‘बँक हमी अमुक तारखेपर्यंत वाढवून सादर केल्यावरच हे पत्र अमलात येईल’ असे वाक्य घाला. हमी खरी आहे याची खात्री पुरवठादाराने आणून दिलेल्या पत्रावरून करू नका. ती देणाऱ्या शाखेला आणि तिच्या वरिष्ठ कार्यालयाला आपणहून लिहा.

राज्यस्तरावर झालेले करारही यादीत हवेत. १०८ रुग्णवाहिका, बाहेरून घेतलेल्या रक्ततपासण्या, वैद्यकीय उपकरणांची देखभाल यांसारख्या कामांत पैसे मुंबईतून जातात, पण सेवा तुमच्या आवारात मिळते आणि ती मिळाल्याचे प्रमाणपत्र तुम्ही देता. त्या कराराची प्रत जिल्ह्यात नसेल तर प्रमाणपत्र कशाच्या आधारावर द्यायचे? आजच पत्र लिहून प्रत मागवा.

दुसरे पाऊल : प्रत्येक कराराचा एक पानी गोषवारा

साठ पानांचा करार वॉर्डात कोणी वाचणार नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. प्रत्येक कराराचे एक पान मराठीत तयार करा. त्यात सहा गोष्टी पुरतात : काय मिळायला हवे, किती, किती वेळात, न मिळाल्यास कोणाला व कसे कळवायचे, नोंद कुठे करायची, दंड काय. हे पान वॉर्डाच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवा.

गोषवारा लिहिताना करारातल्या फटी आपोआप दिसू लागतात. ‘त्वरित दुरुस्ती’, ‘पुरेसे मनुष्यबळ’, ‘आवश्यकतेनुसार साहित्य’ हे शब्द पानावर उतरवायला गेलात की कळते, यांत मोजण्यासारखे काहीच नाही. चालू करारात असे शब्द असतील तर पुरवठादारासोबत बैठक घ्या, त्यांचा अर्थ आकड्यांत ठरवा आणि दोघांच्या सहीचे इतिवृत्त करा. एक मर्यादा पाळा : निविदेची मूळ अट, दर किंवा कामाची व्याप्ती अशा इतिवृत्ताने बदलता येत नाही. तसे केल्यास निविदेत हरलेल्यांवर अन्याय होतो आणि आक्षेप हमखास निघतो.

सही कोणी केली हेही याच वेळी तपासा. राज्य शासनाच्या कार्यालयाचा करार संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या वतीने आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्याच सहीने व्हावा लागतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी त्यासाठी नोंदणी केलेल्या सोसायटीमार्फत (स्वतंत्र संस्थेमार्फत) येतो. तिथे करार करणारा पक्ष सोसायटी असते. एकाच रुग्णालयात दोन्ही प्रकार चालतात आणि जुना मसुदा उचलून नवा करार करताना पक्षाचे नावच चुकते.

तिसरे पाऊल : माणूस नेमा, तोही नावानिशी

‘प्रशासकीय अधिकारी यांनी देखरेख ठेवावी’ या आदेशातून काही घडत नाही. प्रत्येक करारासाठी दोन माणसे लागतात. एक देखरेख अधिकारी, जो पुरवठादाराशी पत्रव्यवहार करतो आणि महिन्याचा हिशेब मांडतो. दुसरा जागेवर पडताळणारा : सफाईसाठी वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर, जेवणासाठी आहारतज्ज्ञ, यंत्रांसाठी बायोमेडिकल इंजिनिअर किंवा त्या विभागाचा तंत्रज्ञ. बदली झाली की नवा आदेश त्याच दिवशी निघावा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या आदेशात पर्यायी अधिकाऱ्याचेही नाव असू द्या, कारण प्रशिक्षण, रजा आणि निवडणूक कामात माणूस महिना महिना गायब असतो.

देयक तपासणारा आणि जागेवर पडताळणारा एकच असू नये. हा नियम कितीही तंगी असली तरी सोडू नका.

चौथे पाऊल : सफाई आणि सुरक्षा — हजेरीचे गणित

सगळ्यात जास्त गळती इथे होते, म्हणून इथे थांबू या.

निविदेत ‘४० सफाई कामगार’ लिहिलेले असते. रुग्णालयाला वाटते, दररोज ४० येतील. कंत्राटदार मोजतो की पटावर ४० आहेत, साप्ताहिक सुट्या त्यातच. दोघेही आपापल्या परीने खरे असतात. एका जागेवर चोवीस तास माणूस हवा असेल तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. एक माणूस सहा पाळ्या करतो. म्हणजे साडेतीन माणसे, आणि रजा-आजारपण धरून चार. त्यामुळे करारात पटसंख्या लिहू नका. ‘दररोज सकाळ पाळीत १८, दुपारी ८, रात्री ४ प्रत्यक्ष हजर’ अशी पाळीनिहाय आणि वॉर्डनिहाय संख्या लिहा.

दुसरी चूक दंडाची. एका पाळीचा दर ६५० रुपये आणि गैरहजेरीचा दंड २०० रुपये असेल, आणि गैरहजर पाळीचे पैसेही देयकात लागत असतील, तर माणूस न पाठवणे कंत्राटदाराला फायद्याचे ठरते. न झालेल्या पाळीचे पैसे आधी वजा झाले पाहिजेत, त्यावर दंड वेगळा. नमुन्यादाखल हिशेब पाहा. दररोज ३० पाळ्या, महिन्याचे ३० दिवस, एकूण ९०० पाळ्या, दर ६५० रुपये, म्हणजे देयक ५,८५,००० रुपये. प्रत्यक्ष भरल्या ८४६ पाळ्या. कमी पडलेल्या ५४ पाळ्यांचे ३५,१०० रुपये देय नाहीत. करारात दराच्या निम्मा दंड असेल तर आणखी १७,५५० रुपये. देय रक्कम ५,३२,३५० रुपये. हा तक्ता एक्सेलमध्ये बसवला की दर महिन्याला पाच मिनिटांचे काम आहे.

हजेरी कंत्राटदाराच्या मुकादमाच्या वहीवरून घेऊ नका. बायोमेट्रिक असले तरी ते फाटकावर असते. माणूस फाटकातून आत आला आणि दुसऱ्याच कामाला गेला, तर यंत्र काय करणार? वॉर्डात पाळीच्या सुरुवातीला सिस्टरची सही असलेला साधा तक्ता ठेवा आणि महिनाअखेर बायोमेट्रिकशी ताडा. दोन्हींत जी संख्या कमी ती धरण्याची अट करारातच असावी.

मजुरीचा भाग नाजूक आहे, कारण इथे फटका बसतो तो ज्याचे हातावर पोट आहे त्याला. किमान वेतनाचा विशेष भत्ता महाराष्ट्रात १ जानेवारी आणि १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. तीन वर्षांसाठी एकच ठोक दर बांधला तर दुसऱ्या वर्षापासून कंत्राटदार एक तर माणसे कमी करतो किंवा पगार कापतो. दरपत्रकात मजुरीचा वैधानिक भाग वेगळा आणि कंत्राटदाराचा सेवाशुल्काचा भाग वेगळा मागवा. पहिला अधिसूचनेप्रमाणे बदलेल, दुसरा गोठलेला राहील. सेवाशुल्क जवळपास शून्य दाखवणाऱ्या निविदेकडे संशयाने पाहा, तो नफा कामगाराच्या पगारातूनच निघतो.

देयकासोबत मागच्या महिन्याचे तीन कागद घ्या : कामगारांच्या बँक खात्यात पगार जमा झाल्याचे बँकेचे विवरण, भविष्य निर्वाह निधीचे नावनिहाय चलन, राज्य कामगार विम्याचे चलन. निधी आणि विमा दोन्हींचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हावा लागतो. नुसत्या एकूण रकमेकडे पाहू नका. कंत्राटदाराची इतर ठिकाणची कामेही त्याच चलनात असू शकतात. तुमच्या हजेरीतली नावे चलनात आहेत का, ते पाहा. दर महिन्याला कोणतीही दहा नावे निवडून ताडली तरी पुरते. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालक म्हणून रुग्णालयावर येते, वसुली मागून करत बसावी लागते.

पाचवे पाऊल : यंत्रांची देखभाल — तास मोजा

देखभालीचे करार दोन प्रकारचे असतात. साध्या करारात इंजिनिअरची भेट आणि मजुरी येते, सुटे भाग वेगळे. सर्वसमावेशक करारात सुटे भागही येतात. पण ‘सर्वसमावेशक’ शब्दावर विसंबू नका, वगळलेल्या वस्तूंची यादी वाचा. क्ष-किरण व सीटीची ट्यूब, सोनोग्राफीचा प्रोब, व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन सेन्सर, यूपीएसच्या बॅटऱ्या नेमक्या त्याच यादीत असतात, आणि नेमक्या त्याच बिघडतात.

वॉरंटी कधी सुरू होते हे तर पहिल्या दिवशी पाहायचे. यंत्र येते, पण खोलीची वीजजोडणी किंवा शिसाचा दरवाजा तयार नसतो आणि खोका सहा महिने व्हरांड्यात पडतो. वॉरंटी पुरवठ्यापासून मोजायची अट असेल तर ती महिनोन्‌महिने खोक्यातच संपते. ‘यशस्वी उभारणी व चाचणीपासून’ असे शब्द हवेत, आणि पुरवठा आदेश काढण्याआधी सार्वजनिक बांधकाम विभागाकडून खोली तयार असल्याचे पत्र हवे.

यंत्र किती वेळ चालू राहावे याचे मापक ठरलेले आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या उपकरण देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयासाठी ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ८० टक्के धरले जातात. आकडा चांगला आहे, पण तो वर्षाच्या सरासरीने मोजला तर ९५ टक्क्यांतही यंत्र सलग १८ दिवस बंद राहू शकते आणि दंड शून्य. म्हणून तीन अटी एकत्र ठेवा : चालू राहण्याची टक्केवारी दर महिन्याला, तक्रारीनंतर इंजिनिअर किती तासांत पोहोचेल, आणि एका बिघाडाला कमाल किती दिवस. तिसरी अट मोडली तर पर्यायी यंत्र द्यावे किंवा रुग्णांच्या बाहेरच्या तपासणीचा खर्च सोसावा.

हिशेब असा. ३० दिवसांचे ७२० तास. यंत्र ६१ तास बंद, त्यातले ७ तास रुग्णालयाच्याच वीजपुरवठ्यामुळे. उरले ५४. चालू तास ६६६, म्हणजे ९२.५ टक्के. अट ९५ ची, तूट अडीच टक्क्यांची. ते ७ तास प्रामाणिकपणे वजा करा. एकदा पुरवठादाराचा हक्काचा वेळ नाकारला की तो पुढचा प्रत्येक आकडा वादात ओढतो.

बंद तास सुरू होतात तक्रार क्रमांक मिळाल्यापासून, आणि इथेच घोळ होतो. तंत्रज्ञ ओळखीच्या इंजिनिअरला फोन करतो, तो ‘उद्या बघतो’ म्हणतो, चार दिवस जातात आणि कागदावर तक्रारच नसते. फोन जरूर करा, पण त्याच तासात पोर्टलवर किंवा ई-मेलवर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक यंत्राजवळच्या वहीत लिहा. शेजारच्या रकान्यात त्या काळात किती रुग्ण बाहेर पाठवले ते लिहा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, वादात मिळते ती वाजवी भरपाई. ती वाजवी का, हे सांगणारा कागद म्हणजे हीच वही.

ऑक्सिजन, जैववैद्यकीय कचरा, औषधे

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब कोसळला आणि २२ रुग्ण दगावले. ज्या रुग्णालयात अशी टाकी आहे तिथल्या करारात चार प्रश्नांची उत्तरे असलीच पाहिजेत. टाकी भरताना पुरवठादाराचा प्रशिक्षित माणूस आणि रुग्णालयाचा माणूस दोघे हजर राहतील का? दाब कमी झाल्याचा भोंगा कुठे वाजेल आणि तो चोवीस तास कोण ऐकेल? राखीव सिलिंडरवर किती तास निघतील? मुख्य झडप बंद करायला रात्रपाळीतल्या कोणाला शिकवले आहे? करारात उत्तरे नसतील तर पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहू नका, या आठवड्यात लेखी कार्यपद्धती ठरवून घ्या आणि रात्रपाळीत तिची रंगीत तालीम करा.

जैववैद्यकीय कचऱ्याचे पैसे बहुधा दर खाटेमागे दर दिवशी जातात, त्यामुळे वजनाकडे कोणी पाहत नाही. पण २०१६ च्या नियमांनुसार प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत द्यावा लागतो. गाडी न आलेले दिवस लिहा, बारकोडसह वजनाची पावती रोज घ्या, मंजूर खाटा आणि देयकातल्या खाटा जुळतात का ते पाहा.

औषधांची मोठी खरेदी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आहे. त्यासाठीचा अधिनियम २०२३ चा. जिल्ह्याच्या हातात उरते ते स्वीकारतानाचे काम : उरलेली मुदत आदेशातल्या अटीएवढी आहे का, प्रत्येक बॅचचा चाचणी अहवाल आला का, शीतसाखळीच्या मालाचा तापमापक २ ते ८ अंशांत राहिला का. आक्षेप असेल तर तो पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही की माल स्वीकारला असे धरले जाते.

सहावे पाऊल : महिन्याची बैठक आणि देयक

दर महिन्याच्या ५ तारखेच्या आसपास दीड तासाची बैठक ठेवा, जिल्हा शल्यचिकित्सक किंवा अतिरिक्त जिल्हा शल्यचिकित्सक अध्यक्ष. सगळे करार दर महिन्याला घेण्याची गरज नाही. सफाई, सुरक्षा, आहार, ऑक्सिजन आणि मोठी यंत्रे दर महिन्याला, बाकीचे तीन महिन्यांनी. पुरवठादाराला बोलवा आणि वजावटीचा तक्ता त्याच्यासमोर मांडा. आक्षेप तिथेच ऐका, इतिवृत्तावर त्याची सही घ्या.

लेखाशाखेला एकच सूचना लेखी द्या : ‘काम समाधानकारक’ या शेऱ्यावर देयक स्वीकारू नये, सोबत भरलेला तक्ता असावा. शून्य वजावट असेल तर तक्त्यात शून्य लिहिलेले असावे. ‘कडक ताकीद देऊन देयक मंजूर’ असा शेरा दोन-तीनदा गेला की पुढे दंड लावताना पुरवठादार तोच दाखवतो.

दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. पैसे वेळेवर द्या. सहा महिने देयक थकवून कंत्राटदाराकडून शिस्त मागता येत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांना करारात काहीही लिहिलेले असले तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त उशीर करता येत नाही, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. निधी बीम्सवर (राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) आलेला नसेल तर वाट पाहत बसू नका. मागणीचे पत्र दर महिन्याला पाठवा आणि त्याची प्रत नस्तीत लावा.

सातवे पाऊल : नोटीस कशी लिहावी

उणीव दिसली की पहिले पत्र सात दिवसांत जावे. त्यात तारीख, जागा, कराराचे कलम आणि दुरुस्तीची मुदत असू द्या, विशेषणे नकोत. तीच उणीव तिसऱ्यांदा आली की कारणे दाखवा नोटीस. करार रद्द करणे आणि काळ्या यादीत टाकणे या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेसच्या प्रकरणात सांगितले की काळ्या यादीचा विचार असेल तर तो नोटिशीतच स्पष्ट दिसला पाहिजे. ‘योग्य ती कारवाई करण्यात येईल’ एवढ्यावर काढलेला आदेश न्यायालयात टिकत नाही. पर्यायी व्यवस्था तयार नसताना करार तडकाफडकी रद्दही करू नका, वॉर्ड दुसऱ्या दिवशीही झाडायचाच असतो.

आठवे पाऊल : शेवटाची तयारी नऊ महिने आधी

‘नवीन निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत मुदतवाढ’ हे वाक्य टाळायचे तर उलटे मोजा. गरज व तपशील ठरवायला ६ आठवडे, प्रशासकीय मान्यतेला ४, निविदा प्रसिद्धीला किमान ३, छाननीला ४, फेरनिविदा लागलीच तर ६, आदेश आणि नव्या कंत्राटदाराच्या उभारणीला ४. एकूण २७ आठवडे. त्यात आचारसंहितेचा काळ मिळवा. करार ३१ मार्चला संपत असेल तर टिपणी आधीच्या वर्षी जूनअखेर सुरू झाली पाहिजे. आणि शक्य असेल तर कोणताही करार ३१ मार्चला संपवूच नका. त्या आठवड्यात लेखाशाखा कोषागारात अडकलेली असते. सगळ्या करारांचे शेवट वर्षभरात पसरवा.

निविदेचे तपशील नव्याने लिहिताना वर्षभराच्या वजावटीचे तक्ते आणि वॉर्डांच्या वह्या समोर ठेवा. ज्या अटीवर बारा महिन्यांत एकदाही मोजमाप झाले नाही ती काढा किंवा मोजता येईल अशी करा.

निरोप देतानाची यादी छोटी असली तरी ती नसल्याने रुग्णालये अडतात. यंत्रांचे सेवा-पासवर्ड आणि दुरुस्तीचे अहवाल, कामगारांची शेवटची थकबाकी दिल्याचे बँक विवरण, आवारातल्या आपल्या मालकीच्या वस्तूंची मोजदाद, खोल्यांच्या किल्ल्या. हे सारे लेखी हातात आल्यावर, आणि कामगारांच्या थकबाकीबद्दल सूचनाफलकावर नोटीस लावून पंधरा दिवस कोणाची तक्रार आली नाही हे पाहिल्यावरच सुरक्षा अनामत मोकळी करा.